डावी बाजू

बॉडी कपाटात नव्हती.

वासंतीबाईंनी आधी वरचा कप्पा पाहिला, मग खालचा. शालूच्या घडीत हात घालून चाचपलं, जुन्या चादरी उलगडून झटकल्या. नव्हतीच. त्या तशाच पलंगाच्या कडेवर बसल्या.

बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. एक सुती बॉडी, ब्लाउजच्या आत घालायची, तीही घरच्या मशीनवर शिवलेली, पुढून हुकांची. ती हरवली म्हणून एवढं काय? वासंतीबाई आयुष्यभर तसल्याच घालत आल्या होत्या. लग्नानंतर काही दिवस दुकानातल्या नायलॉनच्या घालून पाहिल्या, त्या काचल्या, घामोळं उठलं, आणि आईनं शिकवलेल्या बेतावर त्या परत आल्या. पण हरवलेली बॉडी साधी नव्हती. तिची डावी बाजू उसवून सैल केलेली होती. आत नवऱ्याच्या, भाऊंच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडाची घडी टाचलेली होती. आणि त्या घडीवर तांबूस डाग होता. साबण झाला, लिंबू झालं, उन्हात वाळवून झालं, तरी तो गेला नव्हता. बारीक कातरून, वर्तमानपत्रात गुंडाळून ती टाकून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. घरात कुणी नसेल अशा वेळेची त्या वाट बघत होत्या.

डाव्या बाजूच्या गाठीबद्दल त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच.

आणि आता ती बॉडी कुठे गेली असेल, हे त्यांना एकदम कळलं.

त्यांची सून ऋजुता डोंबिवलीच्या एका कॉलेजात वेशभूषा शिकवायची. विद्यार्थिनींना घेऊन तिनं तिथल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन उभं केलं होतं, ‘आतल्या कपड्यांची शंभर वर्षं’. बायका चोळीखाली काय घालायच्या, कधीपासून घालायला लागल्या, कोण शिवायचं, कोण विकायचं, असं सगळं. जेवताना तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भाऊ आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले होते. मुलगा स्वानंद मान खाली घालून हसला होता.

“जे झाकायचं तेच भिंतीवर टांगायचं, ही कसली गं विद्या?” वासंतीबाई म्हणाल्या होत्या.

पण ऋजुता चिकाटीची. रोज थोडं थोडं विचारून तिनं सासूला बोलतं केलं. शेवटी वासंतीबाईंनीच सांगितलं, “खालच्या कप्प्यात पिशवीत माझ्या लग्नातल्या दोन आहेत, आईनं हातानं शिवलेल्या. त्या ने. माझं नाव मात्र कुठे घालू नकोस.”

काल संध्याकाळी त्या देवळात गेल्या असताना ऋजुताची विद्यार्थिनी समृद्धी ती पिशवी न्यायला आली होती. पोरीनं पिशवी घेतली, आणि कप्प्यात पाठीमागे खुपसून ठेवलेलं तेही पांढरं सुती दिसलं म्हणून सोबत उचललं. दुसरं काय झालं असणार!

प्रदर्शन आजच उघडणार होतं.

त्यांनी ऋजुताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. निरोप लिहावा तर काय लिहिणार? जी गोष्ट तोंडातून निघत नव्हती ती बोटांतून कशी निघावी?

भाऊ हॉलमध्ये शब्दकोडं सोडवत बसले होते.

“मी डोंबिवलीला जाऊन येते,” वासंतीबाई पदर सारखा करत म्हणाल्या.

“तू? तू तर पाऊल ठेवणार नाही म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. आता जाते. मोबाइलवरून गाडी मागवून द्या.”

“थांब, मीही येतो.”

“नको!”

ते इतकं तीव्र निघालं की भाऊंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडी मागवून दिली.

शिळफाट्याला गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि वासंतीबाईंना रंगूमावशी आठवली. नको असताना आठवली.

रंगूमावशी म्हणजे त्यांच्या आईची बहीण. शहाडला कारखान्याच्या वसाहतीत राहायची. गाठीची चोळी घालायची, आत काही नाही. त्या काळी तिच्या वयाच्या बायका आत काही घालतच नसत. मग एकाएकी ती चोळीखाली फडकं बांधायला लागली. वासंतीबाई तेव्हा परकर-पोलक्यातल्या. सुट्टीत मावशीकडे गेल्या तर खोलीत सतत उदबत्ती लावलेली, आणि उदबत्तीच्या खालून दुसराच एक वास. डॉक्टर आले तेव्हा आजी पलंग आणि डॉक्टर यांच्यामध्ये बसली होती. “दम लागतो हो तिला,” एवढंच आजी म्हणाली. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, खोकल्याचं औषध लिहिलं आणि गेले. पुढे मावशी गेली. बायकांनी तिच्या चोळ्यांचं गाठोडं बांधून नदीत सोडलं. काय झालं होतं, हे कुणी मोठ्यानं म्हटलंच नाही. छोट्या वासंतीनं आईला विचारलं होतं. आईनं एक चापट दिली होती.

“मॅडम, एसी लावू का?” ड्रायव्हरनं विचारलं. “घाम आलाय तुम्हाला.”

“नको. तुम्ही फक्त लवकर चला.”

शाळेच्या हॉलबाहेर ही गर्दी. कॉलेजातल्या मुली, नोकरदार बायका, आपल्यासारख्याच म्हाताऱ्या. दोन-चार पुरुष दाराशी घुटमळत होते. वासंतीबाई कुणाकडे न बघता आत शिरल्या. सुरुवातीला खणाच्या चोळ्या होत्या. मग शिकल्या-सवरल्या घरांत पोलक्याच्या आत आलेल्या बिनबाह्यांच्या बॉड्या. पुढे १९६० नंतरच्या टोकदार, शंकूसारख्या तयार ब्रेसियर. एका दोरीवर टॉवेल वाळत घातला होता आणि त्याखाली काय आहे ते उचलून बघा, अशी पाटी होती. पोरी टॉवेल उचलत होत्या आणि खिदळत होत्या. “माझी आई अजून अश्शीच वाळत घालते!”

एरवी वासंतीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज त्यांचे डोळे एकच वस्तू शोधत होते.

कोपऱ्यात आईच्या हातच्या त्या दोन बॉड्या दिसल्या, पुठ्ठ्याच्या धडांवर चढवलेल्या. त्यांच्या शेजारी तिसरं धड होतं. खाली चिठ्ठी होती: ‘घरी शिवलेली, अलीकडची, रोजच्या वापरातली’. धड उघडं होतं. त्याच्या छातीवर नुसत्या टाचण्या खोचलेल्या.

“इथली कुठे गेली?” त्यांनी जवळच्या मुलीला विचारलं. ती समृद्धीच निघाली.

“अगंबाई, काकू तुम्ही! ती मॅमनी सकाळीच काढली. लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, ही नाही लावायची. पर्समध्ये ठेवली त्यांनी.”

लावता लावता थांबली. म्हणजे पाहिलं तिनं.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऋजुता पाहुण्यांशी बोलत उभी होती. तिनं मान वळवली आणि दोघींची नजर भेटली. ती हसली नाही. गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं सासूच्या कोपराला हात लावला.

“आलात? बसा आई. माझं बोलणं आटपलं की आपण भेटू.” आणि मग हळूच, “जाऊ नका.”

पळून जावं असं वासंतीबाईंना वाटलं. पण त्या खुर्चीवर बसल्या, डावा हात छातीशी आवळून, मांडीवर पर्स घट्ट धरून. ऋजुता माईकवर काय बोलत होती ते कानांवर नुसतं आदळत होतं. ती सगळ्यांसमोर बोलली तर? उदाहरण म्हणून सांगितलं तर? या शिकलेल्या बायकांचा काय नेम!

ऋजुता तसलं काही बोलली नाही. तिनं माईक श्रोत्यांत फिरवला. कोपरीच्या मीराबाई म्हणून एक थोराड म्हातारी वासंतीबाईंच्या शेजारीच बसली होती. तिनं माईक असा ओढून घेतला की जणू मासळीचा वाटाच.

“आमच्या टायमाला दुकानात बापय असायचा, बाई नाय,” ती म्हणाली. “माप कसलं घेतोय! माज्याकडं वरून खाली बगायचा नि बोलायचा, बत्तीस. मी गप घ्यायची. ती होयाची नाय. पण परत जाऊन सांगनार कोन, होत नाय म्हून? अख्खी जिंदगी मी त्या मेल्याच्या नजरेच्या मापाची घातली!”

हॉल हसण्यानं फुटला. वासंतीबाईही हसल्या. त्यांना कळायच्या आत मोठ्यानं हसू आलं, अगदी खदखदून, आणि डाव्या बाजूला कळ आली तसं ते तुटलं. त्यांनी वर पाहिलं. ऋजुता त्यांच्याकडेच बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर ऋजुता त्यांना शेजारच्या वर्गात घेऊन गेली. बालवाडीचा वर्ग होता; बुटकी बाकं, भिंतीवर रंगवलेले हत्ती. तिनं दार लोटलं. पर्समधून आपली ओढणी काढली, ओढणीतून बॉडी, आणि ती बाकावर ठेवली.

“हे कधीपासून आहे, आई?”

“सुई टोचली होती शिवताना.”

“सुई टोचली म्हणून शिवण उसवावी लागते?”

“माझ्या कपाटात हात घालायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?” वासंतीबाईंचा आवाज चिरकला.

“चुकलं. समृद्धीला मी नीट सांगायला हवं होतं. त्याबद्दल तुम्ही मला काय वाटेल ते बोला. पण मी बघितलंय. आता न बघितल्यासारखं करता येणार नाही मला.”

“कुणाकुणाला दाखवलंस?”

“कुणालाच नाही.”

“स्वानंदला?”

“त्यालाही नाही. पण आज सांगणार आहे.”

“सांगून बघ! मी त्या घरात राहणार नाही.”

“कुठे जाल? सांगा, मी सोडते तुम्हाला. फक्त वाटेत डॉक्टरकडे थांबू.”

वासंतीबाई दाराकडे निघाल्या. ऋजुतानं त्यांना अडवलं नाही. ती बुटक्या बाकावर मटकन बसली आणि तिनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले.

“सकाळपासून हे थांबत नाहीये,” ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते. “तिकडे मी काय भाषण केलं ते मला एक अक्षर आठवत नाही. मला भीती वाटतेय हो, आई.”

वासंतीबाईंचा हात दाराच्या कडीवर होता. बाहेर मीराबाईंचा आवाज येत होता, बायका पुन्हा हसत होत्या. भीती वाटते, असं त्यांच्या घरात कुणी कुणाला कधी म्हटलं होतं? त्यांना स्वतःला रोज वाटत होती. आंघोळीच्या वेळी, हात जपून फिरवताना, रोज.

“अजून वास यायला लागला नाहीये,” त्या दाराकडे तोंड करूनच म्हणाल्या.

“कसला वास?”

मग त्यांनी रंगूमावशीचं सांगितलं. उभ्या उभ्याच, पाठमोऱ्या राहून. आजी मध्ये कशी बसली ते, डॉक्टर पाठीला नळी लावून कसे गेले ते, नदीत सोडलेलं गाठोडं. स्वानंदच्या वडिलांनाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

“मला पुरुष डॉक्टर नको,” शेवटी त्या म्हणाल्या.

“नाही.”

“आणि ह्यांना...”

“तुम्ही म्हणाल तेव्हा. स्वानंदलाही तोवर सांगत नाही.”

घराजवळच, नौपाड्यात, एक बाई डॉक्टर होत्या. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. पडद्याआड वासंतीबाईंना आपलेच हुक निघेनात. “तू बाहेर थांब,” त्या ऋजुताला म्हणाल्या, आणि ती वळताच, “थांब. ये आत.”

डॉक्टरांनी हात लावला. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण हात काखेत गेला आणि तिथे बराच वेळ राहिला.

“गाठ कधी लक्षात आली?”

“दिवाळीत.”

“या दिवाळीत?”

वासंतीबाई छताकडे बघत राहिल्या. “त्याच्या आधीच्या.”

ऋजुतानं श्वास आत ओढलेला त्यांना ऐकू आला. ती रागवेल असं वाटलं. ती रागावली नाही, तिनं नुसता त्यांचा पाय धरून ठेवला.

सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा तपासायला गेला. मग वाट बघणं. घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि तेच अंगावर येत होतं. भाऊ शब्दकोडी सोडवत होते, स्वानंद क्रिकेट बघत होता, सासू-सून ओट्याशी उभ्या राहून एकमेकींकडे न बघता पोळ्या करत होत्या. फोन वाजला की दोघींचे हात थांबत.

रिपोर्ट चांगला आला नाही. कॅन्सर होता, काखेपर्यंत पोचला होता. मात्र त्याच्या पुढे गेलेला दिसत नव्हता.

“डावी बाजू पूर्ण काढावी लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “नंतर औषधं. थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण आता जे हातात आहे ते करू. घरच्यांना सांगा.”

ती दुपार वासंतीबाईंना जड गेली. भाऊ गॅलरीत चहा पीत होते. समोरच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. त्या त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. इतकी वर्षं संसार झाला, मूल झालं, पण तो एक शब्द दोघांमध्ये कधी उच्चारला गेला नव्हता. त्यांनी तो स्वयंपाकघरात मनाशी घोकला होता.

“अहो, ऐका. माझ्या स्तनात गाठ आहे. कॅन्सर आहे म्हणतात.”

भाऊंनी कप खाली ठेवला.

“डाव्या ना?” ते म्हणाले.

वासंतीबाई चमकल्या. “तुम्हाला कुणी सांगितलं? ऋजुतानं?”

“कुणी नाही. डाव्या कुशीवर झोपायची तुझी सवय, ती मोडली. पिशवी त्या हातानं उचलेनाशी झालीस. आधी वाटलं, खांदा असेल. मग वाटलं, खांदा असता तर तू सांगितलं असतंस.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुला आवडलं नसतं.”

“नसतं आवडलं!” वासंतीबाई ओरडल्या. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. “नसतंच आवडलं! तरी विचारायचं होतंत! मी मेले असते तर काय म्हणाला असतात लोकांना? दम लागत होता?”

भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. रंगूमावशीचं त्यांना काही माहीत नव्हतं, त्यामुळे शेवटचं वाक्य त्यांना कळलंही नसेल. पण ते उठले, आपली खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, “चुकलं माझं.” मग पुन्हा एकदा तेच. आत ऋजुता स्वानंदला सांगत असावी. त्याचा आवाज एकदम बंद झाला आणि तो धावत गॅलरीत आला.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर घेताना नर्सनं बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून भाऊंच्या हातात दिलं. आतमध्ये दिव्याखाली मास्क लावलेली माणसं होती, त्यांत पुरुषही होते. वासंतीबाईंनी डोळे मिटले. लाज वाटायला हवी होती. वाटली ती फक्त थंडी.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा उजव्या हातानं डावीकडे चाचपलं. पट्ट्या होत्या, नळी होती, आणि सपाट होतं. त्या रडल्या. तो सबंध दिवस रडल्या, आणि कुणी त्यांना रडू नको म्हटलं नाही. नंतरच्या औषधांनी तोंडाची चव गेली, केस गेले. आरसा त्यांनी काही महिने टॉवेल टाकून झाकून ठेवला. ऋजुताशी एकदा कडाक्याचं भांडणही झालं, साध्या पेजेवरून. पण प्रत्येक खेपेला तपासणीत नवीन काही निघालं नाही आणि हळूहळू त्या घरात हिंडू-फिरू लागल्या.

खांदा एका बाजूला झुकतो, तोल जातो, म्हणून डॉक्टरांनी खास ब्रा वापरायला सांगितली. एका बाजूला आत कप्पा असलेली, त्यात सिलिकॉनचा भराव बसवायचा. नौपाड्यातल्या एका दुकानात मिळेल म्हणाल्या.

“मी नेते तुम्हाला,” ऋजुता म्हणाली.

“मीही येतो,” भाऊ पायांत चपला सरकवत म्हणाले.

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “तिथे पुरुष येत नाहीत.”

“मग मला बघून आणखी चार येतील.”

दुकान छोटं होतं, काचेचं, गार. भाऊ आत शिरले तशा दोन मुली बाजूला सरकल्या. ते कानापर्यंत लाल झाले होते, पण उभे राहिले. काउंटरवरची मुलगी ऋजुताजवळ वाकून अगदी दबक्या आवाजात काहीतरी विचारू लागली.

“अहो, जरा मोठ्यानं बोला,” भाऊ म्हणाले. “आम्हा दोघांनाही कमी ऐकू येतं.”

मुलगी गोंधळली, मग हसली. “कुणासाठी हवीये, आजोबा?”

“माझ्या बायकोसाठी. तिची डावी बाजू काढलीय.”

वासंतीबाईंचं तोंड तापलं. नवऱ्याला गप्प करावं असं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, बोलू दे. मुलीनं टेप गळ्यात घातला आणि त्यांना पडद्याआड नेलं. तिचे हात हलके होते. व्रणाजवळ आल्यावर तिनं विचारलं, “इथे लागलं तर चालेल का?” वासंतीबाई म्हणाल्या, “हळू लाव.”

पहिली घातली ती पाठीत रुतत होती. एरवी त्यांनी तीच घेतली असती, बदलून मागायचा संकोच म्हणून. त्यांनी साडी सारखी केली, पडदा बाजूला केला आणि बाहेर आल्या. भाऊ स्टूल ओढून काउंटरपाशी बसले होते.

“काचतेय,” वासंतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “दुसरी दाखवा.”

मुलीनं खोके काढून भाऊंच्या पुढ्यातच उघडायला सुरुवात केली.